पाणी 1926 ला, साखर 1950 ला: सिलिकॉन बॅटरीत पैसे टाकण्याआधी

मागच्या एपिसोडनंतर राहाता तालुक्यातल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पहिलीच नोकरी. म्हणाला, "दादा, माझ्या नव्या फोनमध्ये सिलिकॉन-कार्बन बॅटरी आहे. रीलवाले म्हणतात, हे सामान बनवणाऱ्या कंपन्यांत आत्ताच पैसे टाका. वर्षभराची बचत आहे. टाकू का?"

मी सल्लागार नाही, त्यामुळे टाक किंवा नको टाकू, असं मी सांगणार नाही. पण या पोराच्या तालुक्यातच असा एक जुना हिशोब पडलाय, तो सांगतो.

आधी बॅटरी समजून घेऊ. फोन चार्जिंगला लावला की लिथियम बॅटरीच्या एका बाजूला जाऊन बसतं. त्या बाजूला ॲनोड म्हणतात. तिथे इतकी वर्षं ग्राफाइट होतं, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतं ते. एक ग्रॅम ग्राफाइटमध्ये जास्तीत जास्त 372 मिलिअँपिअर-तास मावतात. सिलिकॉनमध्ये मावतात साधारण 3,600. जवळजवळ दहापट! मग इतके दिवस वापरलं का नाही? कारण लिथियम आत शिरलं की सिलिकॉन भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं, मूळ आकाराच्या तिप्पट-चौपट. फोन वापरला की परत आकसतं. रोज असं झालं की त्याचा भुगा होतो आणि बॅटरी मरते.

लिथियम सिलिकॉनमध्ये मावतं हे 1970 च्या दशकातच माहीत होतं. तरी 1991 साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती कार्बनवरच. 2008 च्या सुमारास स्टॅनफर्डच्या यी च्वी यांच्या गटाने दाखवलं, की सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा केल्या तर त्या फुगूनही तुटत नाहीत. 2021 मध्ये सिला या अमेरिकन कंपनीचं सिलिकॉन मनगटावरच्या एका फिटनेस बँडमध्ये आलं. 2023 मध्ये ऑनरने सिलिकॉन-कार्बन बॅटरीचा फोन चीनमध्ये काढला. आणि या फोनमध्येही सिलिकॉन थोडंच असतं, बाकी ग्राफाइटच. म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन' म्हणून जे विकलं जातंय, त्याचं वय पन्नाशीच्या आसपास आहे.

आता नगरला या. कागदावर अहिल्यानगर, पण बोलताना अजून नगरच निघतं तोंडातून. भंडारदरा धरण पूर्ण झालं 1926 साली. प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं, ऊस उभा राहिला. पण पैसा? तो बागायतदाराच्या हातात टिकेना. गूळ करायचा आणि बाजार देईल तो भाव घ्यायचा. साखर कारखाने होते, पण खासगी. श्रीरामपूरजवळ हरेगावला बेलापूर कंपनी होती. ऊस आपल्याकडे पिकत होता, पण उसाची साखर करण्याची मधली पायरी दुसऱ्याच्या हातात होती.

1945 मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी बागायतदारांपुढे सहकारी कारखान्याची कल्पना मांडली. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेअर गोळा करू लागले. विचार करा, मशिनरी नाही, इमारत नाही, आणि शेतकऱ्याकडे पैसे मागायचे. प्रवरानगरचा पहिला गळीत हंगाम झाला 1950-51 ला. पाणी आल्यापासून चोवीस वर्षांनी.

त्या शेतकऱ्याने नेमकं काय विकत घेतलं होतं? भाव वाढला की विकायचा कागद नव्हे. आपला ऊस गाळला जाण्याचा हक्क आणि सभेत एक मत. त्याचा परतावा उसाच्या दरातून यायचा. तरी धोका होताच. पुढे महाराष्ट्रात कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडाले, काही विकले गेले, आणि सभासदांच्या हाती फारसं काही राहिलं नाही.

आता गंमत ऐका. उसात शिरल्यावर पातीनं हात कापतो ना? तिच्या कडेला सिलिका असते, ऊस ती जमिनीतून ओढून घेतो. म्हणून चिपाड बॉयलरमध्ये जाळलं की राखेतही सिलिका भरपूर राहते. भाताच्या तुसातल्या सिलिकापासून बॅटरीचं सिलिकॉन करून दाखवलंय 2013 मध्ये, स्टॅनफर्डच्याच गटाने. उसाच्या राखेवरही प्रयोग झालेत. हे ऐकून लगेच कुणी म्हणेल, "नगर जिल्हा सिलिकॉनचं माहेरघर!" थांबा. वाळूतही सिलिकाच असते, ती कुठे दुर्मीळ आहे? अवघड आहे ती शुद्ध करणं, नॅनो आकारात आणणं, फुगवटा सांभाळणं, आणि हे सगळं टनाटनाने, परवडेल अशा दरात करणं. ग्रुप14 सारख्या कंपन्या त्यासाठी सिलेन वायू वापरतात. हवा लागली की पेटणारा. म्हणजे इथेही पैसा मधल्या पायरीतच आहे.

आणि ती पायरी चढताना काय होतं? यी च्वी यांनीच सुरू केलेली ॲम्प्रियस 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात आली. 2024 मध्ये शेअर एका डॉलरच्या आसपास घसरला होता. 2025 मध्ये तोच कित्येक पट वर गेला. तंत्रज्ञान एका वर्षात इतकं बदलत नाही, लोकांचा मूड बदलतो. घसरणीच्या त्या महिन्यांत ज्याला घरभाडं भरायचं होतं, त्याने विकला असेल. ज्याला घाई नव्हती, तो तरला.

तर मित्रा, कंपनी कोणती हे नंतर बघ. ती आज कुणाला माल विकते, की नुसते नमुने पाठवते? कारखाना उभा आहे, की फक्त चित्रात? आणि हे पैसे दहा वर्षं नाही आले, तर तुझं घर चालेल का? याची उत्तरं रीलमध्ये मिळणार नाहीत, कंपनीच्या वार्षिक अहवालात मिळतील. कंटाळवाणा असतो, पण वाच.

आणि घरात कुणी कारखान्याचे सभासद असतील, तर रविवारी त्यांच्याशेजारी बस. शेअर घेतला तेव्हा काय वाटलं होतं आणि हातात काय आलं, ते विचार. सवलतीच्या साखरेपलीकडचं उत्तर मिळालं, तर मला व्हॉइस नोट पाठव.

भेटू पुढच्या एपिसोडला.