मतपेटीपासून मतदानयंत्रापर्यंत : विश्वासाच्या अटींचा इतिहास



पुराव्यावाचून निष्कर्ष नाही, हा इतिहासाचा पहिला धडा आपण याच शाळेत गिरवितो. आज तोच नियम मी मतदानाला लावून पाहणार आहे. मतदानाची पद्धत उत्तम ठरण्यासाठी तिने कोणत्या अटी पाळाव्यात? आपल्या देशात या अटी कोणी एकाच बैठकीत लिहून काढल्या नाहीत. एकेका चुकीतून त्या उमगत गेल्या आहेत.

१९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा आपली कटंगी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होती. बहुसंख्य मतदार निरक्षर होते. म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात प्रत्येक उमेदवारासाठी त्याचे चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली. त्यासाठी लागलेल्या लाखो पोलादी पेट्यांपैकी पुष्कळशा मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात घडल्या. निरक्षरालाही स्वतःचे मत स्वतः देता यावे, ही पहिली अट त्यातून पूर्ण झाली. परंतु कागदावर खूण करावयाची नसल्यामुळे कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर नेऊन विकता येई. म्हणून १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून सर्व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर छापून त्यावर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली.

पुढे केंद्रे बळकावून शिक्के मारण्याचे प्रकार वाढले, बाद मतांची संख्याही लक्षणीय होती. यंत्राची कल्पना १९७७ मध्ये पुढे आली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने नमुना तयार केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी तो राजकीय पक्षांना दाखविण्यात आला. यंत्र बॅटरीवर चालणारे असल्याने वीज नसलेल्या खेड्यातही त्याचा उपयोग होणार होता. पुढील काळात यंत्राच्या बाह्यरूपाच्या रचनेत मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचाही हातभार लागला.

१९ मे १९८२ रोजी केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर यंत्रे वापरली गेली. सिवन पिल्लै १२३ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यात मतपत्रिकेची पद्धत सांगितली असता आयोगाला केवळ आपल्या आदेशाने यंत्र आणता येणार नाही. त्या केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. येथे दुसरी अट स्पष्ट झाली : साधन कितीही चांगले असो, त्यामागे कायदा हवा. तो १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ६१-अ घालून आला. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रांचा प्रयोग झाला, आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी यंत्रे वापरली गेली.

तिसरी अट सर्वांत कठीण. दिलेले मत बरोबर नोंदले गेले, हे सामान्य माणसाने कसे जाणावे? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी सांगितले की, मतदानाचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानावाचून नागरिकाला तपासता आले पाहिजेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी कागदी पुरावा अपरिहार्य मानला. आता मतदाराला काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडून पाहिल्या जातात. २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयात न्यायालयाने मतपत्रिकेकडे परतण्यास नकार दिला. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची वाट मोकळी केली.

तरीही शंका संपत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी स्वतःच मतपत्रिकांनी मतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने ते होऊ दिले नाही. मग कागद हाच उपाय म्हणावा काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच बालाघाटात मतमोजणीपूर्वी टपाली मतपत्रिकांची हाताळणी झाल्याची चित्रफीत पसरली. ते केवळ वर्गीकरण होते, असा खुलासा झाला. तथापि प्रक्रियेतील चुकीबद्दल एका अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. तेथे यंत्र नव्हते, कागदच होता. तरी संशय निर्माण झालाच.

म्हणून माझे मत असे की, कागद आणि यंत्र हा वाद दुय्यम आहे. गुप्तता, कायद्याचा आधार आणि हरलेल्यालाही पटेल असा पुरावा, या तीन अटी मूळच्या होत. जिंकणारा पुरावा मागत नाही. पद्धतीची कसोटी हरणाऱ्यापाशी लागते. विद्यार्थिमित्रहो, उद्या आपणांपैकी कोणी मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसेल. तेथे सकाळचे अभिरूप मतदान डोळ्यांनी पाहा, सायंकाळी मतांच्या हिशेबाची प्रत मागून घ्या आणि मोजणीच्या दिवशी ती ताडून पाहा. लोकशाहीवरील विश्वास असाच, तपासून घेतल्यानेच, टिकतो.