तिकिटावरचे आणि तिकिटाबाहेरचे

टपालाचे तिकीट म्हणजे पत्राच्या प्रवासाचे मोल. परंतु ते राज्यसंस्था काढते. म्हणून राज्याला काय सांगावयाचे आहे आणि काय झाकावयाचे आहे, याचाही ते पुरावा ठरते. मानवाच्या अंतराळप्रवासाची पहिली तिकिटे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. दुसऱ्याच दिवशी त्यांची छबी असलेले तिकीट सोव्हिएत संघात निघाले. वीराचा चेहरा घरोघर पोचला. वाहन मात्र गुपितच राहिले. चित्रकारांनी तिकिटांवर कल्पनेतले निमुळते अग्निबाण रेखाटले. ‘वोस्तोक’ यानातील प्रवाशाचा कक्ष वस्तुतः चेंडूसारखा गोल होता, हे जगाला १९६५ साली दिसले.

अमेरिकेत याच्या नेमके उलट घडले. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन तीन प्रदक्षिणा करून सुखरूप उतरले आणि त्याच दिवशी चार सेंटांचे तिकीट विक्रीस आले. ते आधीच गुप्तपणे छापून मोहोरबंद गठ्ठ्यांतून तीनशेंहून अधिक टपालकचेऱ्यांत पोचविले होते. उड्डाण फसते, तर ते गठ्ठे उघडलेच गेले नसते! या तिकिटावर यानाचे चित्र आहे. ग्लेन यांचे ना चित्र, ना नाव. हयात व्यक्तीला तिकिटावर स्थान न देण्याचा तेथील दंडक होता. सप्टेंबर १९६९ मध्ये निघालेल्या चांद्रविजयाच्या तिकिटावरही ‘चंद्रावरील पहिला मानव’ अनामच आहे. त्या तिकिटाचा मूळ छाप मात्र अपोलो-११ मधून चंद्रावर जाऊन आला होता.

एकाने माणूस दाखविला आणि यंत्र लपविले. दुसऱ्याने यंत्र दाखवून माणूस अनाम ठेवला. परंतु दोहोंत भेद आहे. अमेरिकेतील वीराचे नाव तिकिटावर नसले, तरी सर्वतोमुखी होते. वोस्तोकचे शिल्पकार सर्गेई कोरोल्योव्ह यांचे नाव मात्र त्यांच्या देशबांधवांनाही जानेवारी १९६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच कळले. त्यांचे स्मारक-तिकीट निघाले १९६९ साली. ज्याने दुसऱ्याला आकाशात धाडले, त्याला तिकिटाच्या चौकटीत येण्यासाठी आधी मरावे लागले. संग्राहकाने आपली वही उलटताना ती आठ वर्षांची रिकामी जागाही वाचावी.