पिक्चर कसा होता?

परवा शनिवारी माहीमला घरी गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर आजी, आई आणि शेजारच्या काकू अशी बैठक जमली आणि विषय निघाला 'बाईपण भारी देवा'चा. पिक्चर २०२३ चा, पण आमच्याकडे त्याच्यावर अजून निकाल लागलेला नाही. आई आणि तिचा भिशीचा ग्रुप तेव्हा साड्या नेसून, गजरे माळून थिएटरला गेला होता. आईच्या मते झकास. काकूंच्या मते शेवट फार ओढलाय. आजीने तो टीव्हीवर बघितला, ती म्हणाली, "बहिणी भांडतात ते अगदी खरं दाखवलंय. बाकी नटणं फार!"

मी सवयीने मोबाईलवर रेटिंग बघायला लागलो. आजी वैतागली. "त्यात काय बघतोस? आम्ही तिघी बोलतोय ना इथे?"

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पिक्चर बघून आल्यावर लोक जे बोलतात, ते इतिहासात कुठे सापडतं? समीक्षकांचं लिहिलेलं उरतं, नटांच्या मुलाखती उरतात. स्टॉलमध्ये बसणाऱ्याचं काय?

सुरुवातीपासून बघू. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंची चलत्-चित्रं पहिल्यांदा दाखवली, तिकीट एक रुपया. ती बघून घरी गेलेल्या माणसांनी जेवताना काय सांगितलं असेल? पत्ता नाही. एका प्रेक्षकाचं मत मात्र आपल्याला नीट माहीत आहे, कारण त्याने नंतर स्वतःच लिहून ठेवलं. गिरगावात एका तंबूत 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघताना आपल्याला डोळ्यांसमोर राम-कृष्ण दिसायला लागले, असं दादासाहेब फाळक्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं. साधा प्रेक्षक म्हणून आत गेलेला माणूस, आणि पुढे दादरला स्टुडिओ थाटून ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लावून मोकळा! इतकं महागात पडलेलं मत दुसरं नसेल. (बाईसाहेबांचे दागिनेही गेले त्यात.)

सरकारनेही एकदा चौकशी केली होती. १९२७-२८ मध्ये रंगाचारियर समिती नेमली गेली. देशभर फिरून तिने ३५३ साक्षी घेतल्या, त्यातले २३९ भारतीय. पण यादी बघितली तर निर्माते, थिएटरवाले, अधिकारी, शिक्षक, संपादक अशी सगळी जाणती मंडळी. चार आण्यांच्या बाकावर बसणाऱ्याला काय आवडतं आणि त्याने तो कसा बिघडतो, हे बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी सांगतायत. फाळक्यांनी साक्ष दिली. गांधीजींनाही प्रश्नावली गेली होती. त्यांनी कळवलं की मी सिनेमा कधी पाहिलेला नाही, पण तो वाईट आहे! न बघता मत देण्याची परंपरा आपण समजतो त्यापेक्षा बरीच जुनी आहे. अर्थात गांधीजींनी निदान बघितला नाही हे कबूल तरी केलं.

मग साध्या प्रेक्षकाचं मत नोंदवलं गेलं कशात? तर आठवड्यांत. १२ डिसेंबर १९३६ ला प्रभातचा 'संत तुकाराम' गिरगावच्या सेंट्रलला लागला आणि ५७ आठवडे चालला. २५ आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, ५० म्हणजे सुवर्णमहोत्सव. हे आकडे नुसते मिरवायचे नव्हते. थिएटरचा आणि वितरकाचा करार असायचा, त्यात 'होल्डओव्हर'चा आकडा ठरलेला. आठवड्याचं कलेक्शन त्याच्या खाली गेलं की थिएटरवाला पिक्चर उतरवायला मोकळा. म्हणजे दर आठवड्याला मतदान, आणि ते फिरवणार कोण, तर कालचा शो बघून आलेली माणसं. गिरणगावात हे फार जोरात चालत असणार. गिरण्या पाळ्यांमध्ये चालायच्या, त्यामुळे एका पाळीचा माणूस पिक्चर बघून खोलीवर आला की दुसऱ्या पाळीवर निघालेल्याला दारातच निकाल मिळायचा. 'डब्बा आहे' किंवा 'जाऊन ये', एवढंच. स्टार-बिर नाहीत.

आता हे मत कोणाला कळायचं आणि कोणाला नाही, ते बघा. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरला लागायचा होता, पण तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरलं. धंद्याच्या हिशोबाने त्यात वेडेपणा काहीच नव्हता, देव आनंद तो देव आनंद. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. पण आंदोलनाने फार तर पडदा मिळतो. पुढचे आठवडे नाड्याच्या चड्डीतल्या नाम्याला बघून पोट धरून हसणाऱ्यांनी दिले, आणि रौप्यमहोत्सव झाला.

चार वर्षांनी उलटा प्रकार. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' आला आणि समीक्षकांनी, ट्रेडवाल्यांनी त्याला आडवा केला. निर्माते इतके घाबरले की जयला जिवंत ठेवून शेवट परत शूट करायचा का, यावर चर्चा झाली. थिएटरात टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, काय समजायचं? अनुपमा चोप्रांच्या 'शोले'वरच्या पुस्तकात आपल्या वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकाची गोष्ट आहे. त्याने रमेश सिप्पींना सांगितलं, काळजी करू नका, पिक्चर चालणार. कशावरून? तर माझं कोल्ड्रिंक आणि आईस्क्रीम खपत नाहीये, इंटरव्हलला लोक सुन्न होऊन जागेवरच बसून राहतात! डेटा ॲनालिटिक्सची नोकरी करतो मी, पण याच्यासारखा मेट्रिक आजवर मला सुचलेला नाही. मिनर्व्हाला 'शोले' पाच वर्षांवर चालला, तीन वर्षं रेग्युलर शो आणि पुढे मॅटिनीला.

अमेरिकेत १९७९ मध्ये एड मिंट्झ नावाच्या माणसाने सिनेमास्कोर नावाची कंपनीच काढली. पहिल्याच रात्री थिएटरबाहेर पडणाऱ्यांना कार्ड देऊन ग्रेड विचारायची. कारण काय, तर एक पिक्चर बघून त्याचा विरस झाला होता आणि समीक्षक नको, साध्या माणसांना काय वाटलं ते सांगा, असं कोणीतरी म्हणालं. गीताच्या मालकाला कार्डंसुद्धा लागली नाहीत.

आता माझी खरी तक्रार. कोहिनूरच्या जागी नक्षत्र मॉल आहे. बादल-बिजली-बरखाचं स्टारसिटी झालं. चित्रा २०१९ मध्ये बंद पडलं. ठीक आहे, बिल्डिंगा जातात. पण तिथे मत पिकायला जो वेळ मिळायचा, तोही गेला. पिक्चर शुक्रवारी शेकडो स्क्रीनवर येतो आणि सोमवारी सकाळी त्याचा निकाल लागलेला असतो. मराठी पिक्चरला दुपारी साडेबाराचा एक शो. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सला मराठीसाठी प्राइम टाइम द्यायला लावलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझ्या आईच्या ग्रुपला एक रविवार ठरवायला तीन आठवडे लागतात. कोणाची नात आलेली असते, कोणाचे गुडघे. तोपर्यंत पिक्चर टिकला तर 'बाईपण' होतो, नाहीतर "अगं, चांगला होता म्हणे, पण गेला" एवढंच ऐकायला येतं. 'गेला' या यादीत किती चांगले पिक्चर असतील कोण जाणे.

असो. रविवारी मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून आजीसमोर बसलो. आजी आता पंच्याऐंशीची आहे, कालचं विसरते, जुनं लख्ख आठवतं.

"आजी, सोंगाड्या कसा होता?"

"हसून हसून मेलो. उषा चव्हाण छान दिसली. येताना बसमध्येसुद्धा आम्ही जावा-जावा हसत होतो, तर कंडक्टर म्हणाला, सोंगाड्या बघून आलात वाटतं." मग एका थिएटरातल्या ढेकणांची हकिगत झाली. (नाव नको.)

"आणि शोले?"

"तो तुझ्या आजोबांनी पाहिला. मला नेलं नाही."

"मग, काय म्हणाले?"

"काही नाही. घरी आले, मुकाट्याने जेवले आणि झोपले. मला वाटलं, गिरणीत काही झालं का काय." आजी जरा थांबली. "दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर परत गेले."