नागपूरची एम.एस्सी. आणि पेशींची दिंडी

"फिजिक्स घेऊन पोरगं पुढं करणार काय?" बारावीचा निकाल लागला की आपल्या संभाजीनगरात घरोघरी हा प्रश्न ऐकू येतो. म्हणून आज थोडा इतिहास.

१९५१ साली नागपूर विद्यापीठातून एक तरुण फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाला, पहिल्या नंबरानं. नाव एस. चंद्रशेखर. नोबेल मिळालेले चंद्रशेखर वेगळे. ते सी. व्ही. रामन यांचे पुतणे, हे भाचे.

पुढं ते द्रवस्फटिकांच्या मागं लागले. हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू एकाच दिशेनं ओळीत राहतात. एलसीडी टीव्हीत तोच असतो. तोवर काडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक माहीत होते. १९७७ मध्ये बंगळुरूत चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी थाळीसारख्या रेणूंचे शोधून काढले.

या ओळींत काही ठिकाणी दिशाच हरवते. आपला अंगठा बघा. रेषा समांतर जातात, मग कुठं शंख, कुठं चक्र, कुठं तीन बाजूंच्या रेषा भिडून त्रिकोण. अशा जागेला 'दोष' म्हणतात.

आता हेच रेणू स्वतःच्या ताकदीवर चालू लागले तर? नाथषष्ठीला पैठणला जाणारी दिंडी आठवा. वरून हुकूम नसतो, जो तो शेजाऱ्याकडं बघून पाऊल टाकतो. पण द्रवात पोहणाऱ्या सूक्ष्मजीवांची अशी शिस्त टिकत नाही, रांग आपोआप वाकते, हे २००२ मध्ये आदिती सिम्हा आणि श्रीराम रामस्वामी यांनी बंगळुरूतूनच गणितानं दाखवलं.

२०१७ मध्ये सिंगापूर, फ्रान्स आणि ब्रिटनच्या संशोधकांना कुत्र्याच्या किडनीतल्या पेशींच्या थरात तेच दोष सापडले. धूमकेतूच्या आकाराचा दोष असतो तिथं पेशी दाबल्या जातात, मरतात आणि थराबाहेर फेकल्या जातात. आपली कातडी, आतडी अशाच थरांनी मढलेली आहेत. जुनी पेशी बाहेर कशी पडते, जखम कशी भरते, हे समजून घ्यायला आता हा हिशेब लागतो.

१९५१ मध्ये नागपुरात कुणी विचारलं असतं, "याचा उपयोग काय?" तर उत्तर कुणाकडंच नव्हतं. ते यायला सहा दशकं लागली.

म्हणून कॉलेजातल्या फिजिक्सच्या रिकाम्या जागा आणि कुलूप लागलेल्या लॅब हा फक्त प्राध्यापकांचा प्रश्न नाही. जागा भरा, लॅब उघडा. आणि पोरगं फिजिक्स घेतो म्हणालं, तर घेऊ द्या.