‘जोगवा’ आणि नॉर्थस्टार: एकाला प्रेमकथा मिळाली, दुसऱ्याला ओळख

कोल्हापूर, गडहिंग्लज, बेळगाव या पट्ट्यात साडी नेसून, परडी घेऊन जोगवा मागणारा जोगता लोकांना नवा नाही. पडद्यावर तो ठळकपणे आला तो २००९च्या ‘जोगवा’मधून. राजीव पाटील यांच्या या चित्रपटाला कोल्हापूर जिल्ह्यातले लेखक राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आधार होता. तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तायप्पाला सक्तीने जोगता केलं जातं. आतून तो पुरुषच आहे आणि त्याचं प्रेम सुली या जोगतिणीवर आहे. कथा प्रथेविरुद्ध असल्याने हे योग्यच. पण ज्याला साडी मनापासून हवीशी वाटते, त्या जोगत्याला मध्यवर्ती प्रेमकथा मिळाली नाही. प्रेक्षकांनी तायप्पाला सहज आपलं मानलं, त्यामागे हेही एक कारण असावं.

अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्समध्ये गोष्ट नेमकी उलटी घडली. तिथे १९५४च्या ‘कॉमिक्स कोड’ या नियमावलीमुळे समलैंगिकतेचा उल्लेखही शक्य नव्हता. ही अट १९८९मध्ये सैल झाली. मार्व्हलचा अतिवेगवान नायक नॉर्थस्टार १९७९मध्येच अवतरला होता. निर्माते जॉन बर्न यांच्या मनात तो सुरुवातीपासून गे होता, पण छापील पानावर त्याने ते सांगितलं १९९२मध्ये. ओळख मिळाली, जोडीदार मात्र बरीच वर्षं नाही. न्यूयॉर्क राज्यात समलैंगिक विवाह २०११मध्ये कायदेशीर झाला आणि पुढच्याच वर्षी नॉर्थस्टारचं काइलशी लग्न लागलं.

बॅटवुमनचं नशीब तेवढं बरं नव्हतं. तिने मॅगी सॉयरला लग्नाची मागणी घातली होती. २०१३मध्ये डीसीने ते लग्न होऊ दिलं नाही आणि लेखकद्वयीने मालिका सोडली. कंपनीचं म्हणणं होतं की, नायकांनी वैयक्तिक सुख बाजूला ठेवायचं असतं. सुपरमॅनचं लग्न मात्र १९९६मध्येच थाटात झालं होतं!

मराठीत ओळख आणि प्रेम दोन्ही एकत्र पाहायचं असेल, तर रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आहे. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि तिथला बाळ्या यांची ही गोष्ट. २०२५मध्ये तिला सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं.