तडा वेगळा, भंग वेगळा : जमिनीतल्या भंगाचे तीन प्रकार आणि पनवेलचा वाक

करंजा : भूकंपाची बातमी आली की गावात एकच प्रश्न निघतो, ‘आपल्याकडची जमीन फाटलीय का?’ त्यासाठी आधी तडा आणि भंग यातला फरक बघू.

द्रोणागिरीच्या काळ्या कातळात चिरा दिसतात. लाव्हा थंड होताना आकसतो, त्यामुळे अशा चिरा पडतात. दोन्ही बाजू जागच्या जागी असतील तर तो नुसता तडा. एक बाजू सरकली असेल तर तो प्रस्तरभंग. त्याचे मुख्य प्रकार तीन.

1. सामान्य भंग : जमीन दोन्हीकडून ताणली जाते आणि तिरक्या भेगेच्या वरच्या अंगाचा खडक खाली घसरतो. अशा दोन भंगांमधला पट्टा खचला की खचदरी होते. नर्मदेचं खोरं तसंच मानतात.

2. उलट भंग : दोन्हीकडून दाब येतो आणि वरच्या अंगाचा खडक वर चढतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारी भूकंप या प्रकारचा.

3. आडवा भंग : खडक वर-खाली न होता एकमेकांना घासून बाजूला सरकतात. शेतातून असा भंग गेला तर सरळ बांधाचे दोन तुकडे पुढं-मागं झालेले दिसतील. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप या प्रकारचा.

आपल्याकडं काय?

माथेरान आणि घाटावर लाव्ह्याचे थर जवळपास आडवे आहेत. पनवेलच्या पट्ट्यात ते वाकून समुद्राकडं कलतात. भूशास्त्रात या वाकाला पनवेलचंच नाव आहे. कोकणात वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव इथं गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथं खोलवर तापलेलं पाणी खडकातल्या भेगांतून वर येतं.

भंग आहे म्हणून उद्या भूकंप होईल असं नाही. कित्येक भंग लाखो वर्षं शांत आहेत. भूकंपाची तारीख-वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तसे मेसेज पुढं पाठवू नका. किल्लारीत बहुतेक माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली सापडून गेली. म्हणून नवं घर बांधताना दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सळईचा अखंड काँक्रीट पट्टा घ्या. भंग आपल्या हातात नाही, भिंत आहे.