टिळकांची दिनचर्या : डेक्कन कॉलेज ते मंडाले

डेक्कन कॉलेजात १८७३ मध्ये प्रवेश घेतल्यावर किरकोळ प्रकृतीच्या टिळकांनी पहिले वर्ष अभ्यासाऐवजी व्यायामास वाहिले. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले. हा प्रसंग बहुधा कौतुकाने सांगितला जातो, त्याची किंमत मात्र मोजली जात नाही.

मंडालेच्या कारावासाचा (१९०८-१४) विचार याच अंगाने व्हावयास हवा. काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलल्याने सक्तमजुरी टळली होती. दिवसाचा नेम बव्हंशी त्यांनाच घालून घ्यावा लागला. मधुमेहामुळे आहाराचे कडक पथ्य त्यांनी पाळले. व्यायामाची जुनी शिस्तच येथे फळली, असे म्हणणे घाईचे ठरेल. तथापि नेमाचा हट्ट तोच दिसतो. १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले.